मांजरीचे पिल्लू, पिसवा आणि श्रावकाची जीवदया

(जीवदया या विषयावरील व्याख्यान)

 

सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून जीवदयेवर बोलायचे म्हटले की गोशाळा, पांजरापोळ, कत्तलखान्यातून सोडविलेली जनावरे, उन्हाळ्यातील पाणपोया आणि पक्ष्यांचे चबुतरे हे विषय ओघाने येतातच. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. आजचा विषय मात्र त्याहून पुष्कळ लहान आहे. वजनातच सांगायचे तर चारशे ग्रॅमचा. मांजरीच्या महिना-सव्वा महिन्याच्या पिल्लाला पिसवांमुळे रक्तक्षय होतो आणि त्यात ते दगावते. त्याला वाचवायचे कसे, आणि वाचवताना पिसवांचे काय करायचे, एवढाच हा विषय. यातील दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. तो टाळता यावा म्हणूनच पुष्कळ घरांतून पहिल्याकडेही डोळेझाक होते, हे आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे.

मुरबे हे पालघर तालुक्यातील किनाऱ्यावरचे मच्छिमारांचे गाव. खाडीपलीकडे सातपाटी, थोड्या अंतरावर बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. अशा गावात मांजरांना तोटा नसतो. होड्या किनाऱ्याला लागल्या की त्यांचे पोट भरते, जाळ्यांच्या ढिगात त्यांना ऊब मिळते. पण १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, वाळवणे आटोपलेली, आणि बाहेर अखंड पाऊस. व्यालेल्या मांजरीला त्या दिवसांत पोटभर मिळत नाही, तिचे दूध आटते. नेमकी हीच दमट हवा पिसवांच्या वाढीला सर्वांत अनुकूल असते. आईचे दूध कमी आणि अंगावरच्या पिसवा अधिक, अशा दुहेरी संकटात पावसाळ्यातली पिल्ले जन्माला येतात.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकात असते तसे एक उदाहरण घेऊ. घर काल्पनिक आहे, पण किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात शोभेल असे आहे. पुढे कापडाचे दुकान, मागे राहते घर, वर माळा. माळ्यावर जुने तागे आणि गोणपाटात बांधलेले कटपीस. आषाढात मांजर तेथे व्यायली. तीन पिल्ले खेळू लागली. चौथे कोपऱ्यात पडून असते. उचलले तर हाताला थंड लागते, मान टाकते. घरातला लहान मुलगा विचारतो, “आजी, हे मरणार का गं?” आजी नवकार म्हणते आणि म्हणते, “ज्याचे त्याचे कर्म, बाळा.”

आजीचे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. पिल्लाचे कर्म पिल्लाकडे, पाहणाऱ्याचे काय? सम्यक्त्वाची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य, त्यांत अनुकंपा आहे, आणि ती पाहणाऱ्याच्या खात्यावर लिहिली जाते.

आता त्या पिल्लाचा हिशेब मांडू. चारशे ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगात सुमारे २५ मिलिलिटर रक्त असते. चहाचे पाच चमचे. हे त्याचे एकूण भांडवल. मांजराच्या पिसवेची एक मादी दिवसाला सरासरी १३.६ मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट, अशी मोजणी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. या हिशेबाने ७२ माद्या मिळून रोज एक मिलिलिटर रक्त काढून नेतात. दुर्लक्षित पिल्लाच्या अंगावर एवढ्या पिसवा असणे मुळीच अशक्य नाही. एक मिलिलिटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण पंचविसातून एक म्हणजे दररोज चार टक्के.

आपल्यापैकी अनेकांनी रक्तदान शिबिरात रक्त दिले असेल. तेथे ३५० मिलिलिटर घेतात, आणि त्यानंतर पुरुषाला तीन महिने व स्त्रीला चार महिने पुन्हा देऊ देत नाहीत. पाच लिटर रक्त असलेल्या माणसाचे रोज चार टक्के म्हणजे दोनशे मिलिलिटर. दोन दिवस पुरते होण्याआधीच एक बाटली भरते, आणि दुसरी लगेच लावलेली असते. त्यात पिल्लाचा आहार दूध, आणि दुधात लोह थोडेच. भांडवल उपसले जात आहे आणि जमेच्या बाजूला भर नाही. अशी पेढी किती दिवस चालेल?

हा रक्तक्षय ओळखायला यंत्र लागत नाही. पिल्लाचा ओठ हलकेच वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. रक्त कमी झाले की फिकट आणि शेवटी कागदासारख्या पांढऱ्या होतात. पिल्लू झोपाळू होते, दूध ओढत नाही, पडल्या जागी भराभर श्वास घेते. केसांच्या मुळाशी काळी बारीक कणी दिसते. ती माती की पिसवांची विष्ठा, अशी शंका आल्यास मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा ओला करून त्यावर ती कणी ठेवावी. (कापडाच्या नावातच मांजर आहे, हा केवळ योगायोग.) माती असेल तर ती मातीच राहते, विष्ठा असेल तर तिच्याभोवती तांबूस डाग पसरतो. तो डाग पिल्लाच्याच रक्ताचा असतो, कारण पिसू रक्त पिते आणि त्याचा बराचसा भाग न पचवताच बाहेर टाकते.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. ऊ, ढेकूण, मुंगी यांसारख्या क्षुद्र जीवांना जपणारे आपण. चालताना मुंगी चुकवतो, धान्य निवडताना आळी अलगद बाजूला ठेवतो. आता हातात फणी घेऊन शंभर पिसवा ओढून काढायच्या?

हा पेच आजचा नाही. राजा मेघरथाच्या कथेत कबुतराला वाचविताना राजाने ससाण्याची भूक नाकारली नाही. स्वतःच्या अंगाचे मांस त्याने तराजूत घातले. म्हणूनच ती कथा थोर आहे. आपल्या प्रसंगात मात्र वाचविणारे आपण, वाचणारे पिल्लू, आणि किंमत मोजणारी पिसू. तिसऱ्याच्या खात्यातून दिलेल्या दानाला दान म्हणायचे का? तेरापंथाचे प्रवर्तक आचार्य भिक्षू यांनी अठराव्या शतकात हाच प्रश्न परखडपणे उपस्थित केला होता. एका जीवाला वाचविण्यासाठी दुसऱ्याचा घात करणे हे लौकिक कर्तव्य असू शकेल, त्याला आत्मधर्म म्हणू नये, असा त्यांच्या विचाराचा आशय. इतर परंपरांनी अनुकंपेला अधिक मोकळी वाट दिली. दोन्ही बाजूंचे ग्रंथ आहेत आणि दोन्ही बाजूंना तपस्वी आहेत.

पिसवांना सांभाळण्याचा प्रयोगही आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर झालेला आहे. सुरतेचे प्राण्यांचे रुग्णालय एके काळी परदेशी प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय होते. जेम्स फोर्ब्स यांच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तेथील उंदीर-ढेकणांच्या विभागाचे वर्णन आहे. पिसवा, उवा आणि ढेकूण यांच्यामध्ये रात्र काढण्यासाठी भिकाऱ्यांना ठरावीक पैसे देऊन आणीत, असे त्यांनी लिहिले. परक्या प्रवाशाच्या लेखणीत ऐकीव भाग किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण तसे खरोखरच घडत असेल, तर मेघरथाने स्वतःचे मांस दिले आणि येथे मात्र गरिबाचे रक्त भाड्याने घेतले, हा फरक नजरेआड करता येत नाही.

दुसरी वाट संख्येची. शंभर पिसवा आणि एक पिल्लू, तेव्हा शंभरांना राहू द्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु डोकी मोजून हिंसेचा हिशेब होत नाही, हे सूत्रकृतांगातील आर्द्रक मुनींच्या संवादातही आले आहे. अनेक लहान जीव मारण्यापेक्षा वर्षाला एकच हत्ती मारावा, असे म्हणणाऱ्या हस्तितापसांना त्यांनी निरुत्तर केले. नुसत्या संख्येने हत्तीचा बळी निर्दोष ठरत नसेल, तर नुसत्या संख्येने पिल्लाचा बळीही ठरणार नाही. इंद्रिये, भाव आणि प्रमाद हे सारे पाहावे लागते.

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगतात. श्रावक संकल्पी हिंसेचा त्याग करतो. उरलेल्या तिन्हींत त्याने यतना पाळायची असते. असहाय पंचेंद्रिय जीवाच्या अंगावरील पिसवा काढणे हे रक्षणार्थ घडणारे कृत्य आहे, म्हणून ते करावे. पण त्याला अहिंसेचे नाव देऊन मनाची समजूत घालू नये. काढलेल्या पिसवा अंगणात हळूच सोडल्या म्हणजे आपण सुटलो, असे समजण्यात अर्थ नाही. अंगावर रुळलेली, रक्ताला सरावलेली पिसू अंगापासून दूर झाली की थोड्याच दिवसांत उपाशी मरते, किंवा शेजारच्या पिल्लावर चढते. मरण टळत नाही. ते आपल्या नजरेआड होते, एवढेच. ज्यांना साबणाच्या पाण्याची वाटी जवळ ठेववत नाही, त्यांनी हे जाणून आपला निर्णय घ्यावा आणि जे घडले त्याची सायंकाळच्या प्रतिक्रमणात आलोचना करावी. दिवस घालवण्यात मात्र पुण्य नाही. एक मादी दिवसाला वीस-तीस, कधी चाळीसही अंडी घालते. आज दहा पिसवा काढण्याचा संकोच केला, तर महिन्याने शेकडो मारण्याची वेळ येते.

प्रत्यक्ष उपचारात पहिले काम पिसवांचे नव्हे, उबेचे. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही. शेकायच्या पिशवीत किंवा बाटलीत कोमट पाणी भरून ती जाड कापडात गुंडाळावी व खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवावी, म्हणजे जास्त वाटले तर पिल्लाला सरकायला जागा राहील. अगदीच मलूल असेल तर साखरेच्या पाण्याचे बोट हिरड्यांवर फिरवावे. अंग उबदार झाल्यावरच दूध द्यावे. ते गाईचे नको. बहुतेक पिल्लांना त्याने जुलाब होतात आणि रक्ताबरोबर पाणीही जाते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. पिल्लू पालथेच ठेवून थेंब थेंब पाजावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते, आणि पिसवांनी न मेलेले पिल्लू प्रेमाने मरते.

त्यानंतर उवांची बारीक दातांची फणी. मान, कानामागे, पोट आणि शेपटीचे मूळ येथे पिसवा अधिक असतात. फार अशक्त पिल्लाला आंघोळ घालू नये, नुसते विंचरावे. भिजण्याचा गारठा त्याला सोसत नाही. त्यातल्या त्यात तरतरीत असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा. आधी मानेभोवती फेसाचे कडे करावे, नाहीतर साऱ्या पिसवा तोंडाकडे धावतात. मग लगेच पुसून पूर्ण कोरडे करावे.

या पलीकडचे काम पशुवैद्याचे. औषध त्यांनीच सांगावे, कारण पिसवांवरची पुष्कळ औषधे ठरावीक वय आणि वजन झाल्याशिवाय चालत नाहीत. कुत्र्याच्या पाठीवर टाकायचे परमेथ्रिनचे औषध मांजरावर टाकले तर झटके येऊन ते मरते. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेते. रॉकेल, फिनेल, झुरळांची पावडर, तंबाखूचे पाणी, हे सारे घरगुती उपाय मांजर चाटून पोटात घेते. आणि कापडाच्या माळ्यावर हमखास असणाऱ्या डांबराच्या गोळ्या? कसरीपासून तागे राखण्यासाठी त्या ठेवतात, पण मांजराला त्या विष आहेत. पिल्लांच्या कोपऱ्यातून त्या आधी उचलाव्यात. चार तागे खराब झाले तरी चालतील.

पशुवैद्य रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण मोजतात, विष्ठा तपासून आकडीकृमी आहेत का पाहतात, कारण तेही आतून रक्त पितात. लोह आणि जीवनसत्त्वांची मात्रा ठरवतात. माणसांचे लोहाचे टॉनिक आपल्या मनाने देऊ नये. अवस्था फारच बिकट असेल तर दुसऱ्या मांजराचे रक्त द्यावे लागते. एवढ्या पिल्लाला चहाचा एखाद-दुसरा चमचाच पुरतो. मांजरांचेही ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात, आणि चुकीच्या गटाचे रक्त पहिल्याच वेळी घातक ठरू शकते, म्हणून हे काम मोठ्या पशुरुग्णालयातच व्हावे. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. बोईसरहून दादरकडे जाणाऱ्या गाडीत आपण लग्नाच्या खरेदीसाठी किती वेळा चढतो, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.

पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे झाले की आहाराचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या घरात पिसवांहून कठीण. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. त्याचे शरीर ते पुरेसे बनवत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. टॉरिनच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, आणि हृदय दुबळे होते हेही १९८७ साली सिद्ध झाले. दूध-भातावर मांजराला श्रावक करण्याचा हट्ट धरला तर व्रत आपले राहते आणि उपास त्याला घडतो. आपल्या स्वयंपाकघराचा एक लाभ मात्र आहे. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रक्तक्षय झालेल्या पिल्लाला त्यासारखे अपथ्य नाही. ते आपल्याकडे चुकूनही मिळणार नाही.

दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयाने अशा प्रश्नाला एक उत्तर शोधले आहे. शाकाहारी पक्षी तेथे दाखल होऊन राहतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार होतो, पण त्यांना ठेवून घेतले जात नाही. मुरब्याच्या घरात हीच व्यवस्था सहज बसते. ऊब, फणी, औषध आणि दूध श्रावकाच्या घरी; दात आले की पिल्लू शेजारच्या मच्छिमार घरी. शेजारच्या वहिनींना दोन शब्द सांगितले तर त्या नाही म्हणत नाहीत. जीवदया अनेकांनी मिळून करायची असते, हे मुंबईने १८३४ साली पाहिले. भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ मध्ये दंगल उसळली होती. त्यानंतर मोतीशा शेठ या जैन श्रेष्ठींनी आणि सर जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थांनी मिळून मुंबईची पांजरापोळ उभी केली. एकाच्या घरी चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी चालते, म्हणूनच शेजार असतो.

राहिला माळा. पिल्लाच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. अंडी, अळ्या आणि कोष जमिनीवर, फटींत, गोणपाटात असतात. अळ्या त्या काळ्या कणीवर, म्हणजे पिल्लाच्या वाळलेल्या रक्तावरच पोसल्या जातात. कोषातली पिसू अनुकूल वेळेची कित्येक आठवडे वाट पाहू शकते. म्हणून पिल्लाचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवावे, गोणपाट माळ्यावरून कायमचे काढावे, आणि रोज केर काढावा. येथे आपल्या आचाराचा खरा उपयोग आहे. जीवोत्पत्ती होऊच नये म्हणून वस्तू कोरडी, स्वच्छ, झाकलेली ठेवायची, ही शिकवण आपल्या घरांत पाण्याच्या गाळण्यापासून पापडाच्या डब्यापर्यंत पाळली जाते. माळ्याला ती सूट का असावी? जो माळा ज्येष्ठात झाडला गेला असता, तेथे आषाढात फणी घ्यावीच लागली नसती. त्या घरातला खरा प्रमाद तेथे आहे. आईच्या आणि इतर तिन्ही पिल्लांच्या पिसवाही त्याच दिवशी काढाव्या लागतात, नाहीतर चौथ्यावर त्या रात्रीच परततात. पिसू चाटण्यातून पोटात गेली की पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही दिसले तर पशुवैद्यांना सांगावे.

पिसवा थांबल्या आणि पोटात अन्न जाऊ लागले की चार-पाच दिवसांत नव्या तांबड्या पेशी रक्तात येऊ लागतात. हिरड्यांना रंग चढायला आठवडा-दीड आठवडा जातो. पूर्ण भरपाईला काही आठवडे. उदाहरणातल्या घरी रोज सकाळी नातू ओठ वर करून पाहतो आणि आजीला सांगतो, “आज थोडे गुलाबी आहे.” आजी चष्मा लावून खात्री करते, मग सामायिकाला बसते. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा सजतात, तोवर चौथे पिल्लू माळ्यावरून उतरून दुकानातल्या गजाच्या पट्टीशी खेळू लागलेले असते, आणि शेजारच्या वहिनी त्याला न्यायला आलेल्या असतात.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.